पुस्तकातली मोरी

शनिवारचा नाश्ता लाइल क्लॉकी सावकाश करायचा. आठवडाभर ओटमीलवर भागायचं, पण शनिवारी काचेच्या मोठ्या भांड्यात पावाचे तुकडे, सॉसेज, चीज, वरून फेटलेली अंडी, आणि तासभर ओव्हन. चार वर्षांपूर्वी पाठीने दगा दिला, दुधाचा टँकर चालवायचं सुटलं, तेव्हापासून घरकाम त्याच्याकडे आलं होतं. पहिल्या महिन्यात लाल मोज्यांबरोबर चादरी धुऊन त्याने सगळं घर गुलाबी केलं होतं. आता मात्र हात चांगला बसला होता. तर त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी तो अंडी फेटत होता आणि त्याची बायको रोझान टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून कामावरच्या बुटांना मेण चोळत होती.

तेवढ्यात मागचं दार धाडधाड वाजलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राउंड प्रेअरीसारख्या छोट्या गावात मागच्या दाराने येणारा माणूस दार वाजवत नाही. हाक मारत सरळ आत येतो, बूट पायपुसण्यावर काढतो आणि कॉफी स्वतःच ओतून घेतो. वाजवणारा म्हणजे एक तर धर्माची पत्रकं वाटणारा, नाही तर वाईट बातमी आणणारा.

दारात मर्ल दोस्ताल उभे होते, रोझानचे साहेब. अडुसष्ट वर्षांचे, गुडघ्यांनी अधू, आणि गेली एकतीस वर्षं काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, अभियंता. समोर दोन चाकांची हातगाडी, तिच्यावर एकावर एक तीन खोकी.

"मर्ल, तुम्ही दार कधीपासून वाजवायला लागलात?" रोझानने विचारलं.

"हात मोकळा नव्हता, पोरी. बुटाने वाजवलं. सरक, आत येऊ दे, नाक गळून पडायची वेळ आलीय."

खोकी स्वयंपाकघरात आली. पहिल्याचं झाकण उघडल्यावर लाइलला वाटलं, एखादा रंगीबेरंगी पक्षी आत दाबून बसवलाय. जाडजूड पुस्तकं होती ती, आणि प्रत्येकाच्या कडेने लाल, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्यांच्या जिभा बाहेर आलेल्या.

"माझी परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं," मर्ल म्हणाले. "चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी आहेत. तीस जूनला मी निवृत्त होतोय. बायकोने अ‍ॅरिझोनात घर बघितलंय. खुर्ची रिकामी होतेय रोझान, आणि तुझ्याकडे परवाना नाही."

रोझानने बूट खाली ठेवला. म्हणाली, "मर्ल, आता ती परीक्षा संगणकावर होते. आत कागदाचा कपटासुद्धा नेऊ देत नाहीत. एकच ठरलेलं पुस्तक, तेही पडद्यावर."

मर्ल खोक्यांकडे बघत राहिले. "एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"अरे देवा. आणि मी हे माळ्यावरून खाली आणलं. या गुडघ्यांवर."

लाइलने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि अंड्यांचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. नाश्ता होईतो सगळं बोलून झालं. काउंटीच्या अभियंत्याच्या खुर्चीत परवानाधारकच बसू शकतो, राज्याचा कायदाच तसा. रोझान सत्तेचाळीस वर्षांची. चोवीस वर्षं मर्लच्या हाताखाली. काउंटीतला प्रत्येक पूल, रस्त्याखालची प्रत्येक मोरी तिच्या पायाखालची. गेल्या दहा वर्षांतले बहुतेक आराखडे तिनेच काढलेले. पण कोपऱ्यातला शिक्का मर्लचा. जूनपर्यंत तिला परवाना मिळाला नाही, तर शेजारच्या काउंटीचा अभियंता आठवड्यातून दोन दिवस इकडे येईल, तसा पाच वर्षांचा करार होईल, आणि रोझान कोणा परक्या माणसाच्या शिक्क्यासाठी आराखडे काढत राहील.

"दोनदा नापास झालेय मी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. दोन्ही वेळा सोमवारी तुझं तोंड मीच पाहिलंय."

पहिल्यांदा ती एकतिसाव्या वर्षी बसली होती. तेव्हा त्यांची लेक ब्रिन पोटात, सातवा महिना. निम्मा पेपर तिने बाकाला पोट टेकवून सोडवला. दुसऱ्यांदा अडतिसाव्या वर्षी, चाकांच्या दोन बॅगा भरून पुस्तकं नेली. त्या वेळी सगळेच नेत. सभागृहात विमानतळासारखी बॅगांची खडखड असायची. तेव्हाही राहिलं. त्यानंतर तिने तो विषय बंद केला होता, आणि लाइलनेही कधी उघडला नव्हता.

मर्ल गेल्यावर तिने उरलेल्या बुटाला मेण लावलं. मग म्हणाली, "पहाटे पाचला उठवशील?"

लाइलने उठवलं. रोज पाच ते साडेसहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, समोर लॅपटॉपवर ते ठरलेलं पुस्तक आणि शेजारी सरावाच्या प्रश्नांचा जाड गठ्ठा. लाइल कॉफी ठेवायचा आणि कणीक मळायला नाही तर बटाटे सोलायला बसायचा. आवाज होणार नाही अशी कामं त्याने पहाटेसाठी राखून ठेवली होती. त्याला अभियांत्रिकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वीस वर्षं टँकर चालवलेला माणूस. दुसऱ्याचं काम नीट चाललंय की नुसतं इंजिन घरघरतंय, हे त्याला कानाने कळायचं.

दहा-बारा दिवसांनी तो म्हणाला, "रागावू नकोस. पण एक सांगू?"

"सांग."

"तू प्रश्न वाचतेस, पान उलटून उत्तर वाचतेस, आणि मान हलवतेस. दीड तासात तुझी मान पन्नासदा हलली. पेन्सिल एकदाही हलली नाही."

"अरे, मला येतं ते! वाचलं की लक्षात येतं."

"भिजवलेलं पीठ बघून मलाही वाटतं, पाव झालाच."

तिने डोळे बारीक केले. पण दुसऱ्या दिवशी तिनेच गठ्ठ्यातली उत्तरांची पानं सुटी करून त्याच्या हातात दिली. "लपव कुठेतरी. मी मागितली तरी देऊ नकोस." त्याने ती फ्रीझरमध्ये मांसाच्या पुड्यांखाली ठेवली. केकसाठी वापरायचं लहान घड्याळ टेबलावर आलं. ऐंशी प्रश्न, आठ तास, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. घड्याळ वाजलं की पुढचा प्रश्न, मग अर्धवट राहिला तरी. पहिल्या आठवड्यात ती घड्याळाला जे काही बोलली ते राउंड प्रेअरीच्या चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ वाजायच्या आधी तिची पेन्सिल खाली यायला लागली.

मार्चच्या शेवटी तिने चाळीस प्रश्नांचा सरावाचा पेपर सोडवला. एक रविवार त्यात गेला. लाइलने फ्रीझरमधून पानं काढली, बर्फ पुसला, आणि लाल पेन्सिल घेऊन तपासायला बसला. बावीस बरोबर.

"बावीस," रोझान म्हणाली. "सहा आठवडे पहाटे उठून बावीस." ती उठून कोट घालून बाहेर गेली. मागच्या अंगणात काही काम नव्हतं, तरी तासभर तिथेच होती.

लाइल टेबलापाशी बसून राहिला. टँकरवर असताना रोज सहा-सात गोठ्यांचं दूध एकाच टाकीत जायचं. पण ते ओतण्याआधी प्रत्येक गोठ्याची वेगळी बाटली भरून, वर नाव लिहून ठेवायची, असा नियम. डेअरीत टाकी नासलेली निघाली की बाटल्या तपासायच्या. खोट कुठल्या गोठ्यात आहे ते दहा मिनिटांत कळायचं. बावीस म्हणजे सगळी टाकी झाली. बाटल्या कुठायत?

त्याने खताच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर उलटं केलं, त्यावर रेघा मारल्या. प्रश्नांच्या डोक्यावर विषय छापलेले होतेच. सिग्नल आणि रहदारी: सहापैकी सहा. सांडपाणी: सातपैकी सहा. उंच इमारतींचे पाये: पाचपैकी पाच. मग रस्त्याखालच्या मोऱ्या: सातपैकी एक. पावसाच्या पाण्याचा निचरा: आठपैकी दोन. खडीचे रस्ते: सातपैकी दोन.

त्याने पुन्हा मोजलं. तेच आलं.

रोझान आत आली तेव्हा त्याने कॅलेंडर तिच्यापुढे सरकवलं. "आपल्या काउंटीत एक तरी सिग्नल आहे का गं?"

"एकही नाही. का?"

"सिग्नलचे सगळे बरोबर आलेत. आणि मोऱ्यांचे सातातला एक."

तिने वाचलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तुला तपासता आलं नसेल."

"दोनदा तपासलं."

"लाइल, चोवीस वर्षं मी मोऱ्या घालतेय! तुझ्या टँकरखालचे रस्ते मी बांधलेत!"

"बांधलेत ना. कधी खचले नाहीत. मला मोरीतलं काही कळत नाही, रोझान. पण खोट तिथेच आहे."

"खोट!" एवढंच म्हणून ती माडीवर गेली. सोमवारी कामावर निघताना त्याने भरून ठेवलेला डबा ओट्यावरच राहिला. विसरली नव्हती, ठेवला होता.

त्या दिवशी लाइलने सगळ्या खिडक्या पुसल्या. वाईट वाटलं की तो खिडक्या पुसायचा. पाच वाजता गाडी आली, आणि रोझान बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली. हातात पेपर.

"तीस इंच म्हणतायत!" ती म्हणाली. "ऐक. ओढा दिलाय, पाणी किती ते दिलंय, चढ दिलाय. रस्त्याखाली किती रुंदीचा पाइप लागेल? चोवीस, तीस, छत्तीस की बेचाळीस? मी छत्तीस लिहिलं. उत्तर म्हणे तीस! तीस इंची पाइप घाल आमच्या ओढ्यात. मार्चमध्ये बर्फ वितळला की शेतातली मक्याची धाटं वाहत येतात, बोळा बसतो तोंडाशी, आणि सकाळी रस्त्यावर गुडघाभर पाणी. शाळेची बस अडकते. मी कधी कुठे तीस घातला नाही. मर्लनीही नाही."

लाइलने हात पुसले. "प्रश्नात धाटं आहेत?"

"काय?"

"प्रश्नात लिहिलंय का, की धाटं येतात?"

तिने कागदाकडे पाहिलं. "नाही."

"बर्फ?"

"नाही." ती खुर्चीत बसली. "ओढा, पाणी, चढ. बस्स."

"मग त्या ओढ्यात धाटं नाहीत."

"असा ओढा जगात कुठेही नसतो, लाइल."

"असेल तुझ्या पेपरात. तिथे मका लावत नसतील."

ती हसली नाही, पण तिने बूट काढले. रात्रीच्या जेवणाआधी तिने चुकलेले अठराच्या अठरा प्रश्न पुन्हा मांडले, आणि तेरा ठिकाणी तेच निघालं. गणित तिने बरोबर केलं होतं आणि उत्तर लिहिताना हात आपोआप एक घर वर सरकला होता. कुठे खडीचा थर दोन इंच जाड, कुठे उतार थोडा जास्त. चोवीस वर्षांत जे जे खचताना, वाहून जाताना, तुंबताना पाहिलं, ते सगळं तिने भरून काढलं होतं. प्रश्नाने न विचारताच. जिथे तिला अनुभव नव्हता तिथे ती निमूट पुस्तकाचं ऐकत होती, आणि पास होत होती.

"म्हणजे दोन्ही वेळा मी यातच गेले असणार," ती हळूच म्हणाली. लाइलने तिच्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं.

दुसऱ्या दिवशीपासून अभ्यास बदलला. प्रत्येक उत्तरापुढे ती एक शब्द लिहायची: हे मला कुठून कळलं? 'प्रश्न', 'पुस्तक' किंवा 'काउंटी'. जिथे 'काउंटी' आलं तिथे पुन्हा पहिल्यापासून. लाइल बटाटे सोलता सोलता विचारायचा, "धाटं?" आणि ती म्हणायची, "काढली." चुकलेला प्रश्न आठ दिवसांनी न बघता परत सोडवायचा. सोडवता आला तर बाद, नाही तर आणखी आठ दिवसांनी. सिग्नलचे प्रश्न तिने आठवड्यातून एकदाच ठेवले. आधी ती रोज तेच करायची, बरोबर येतात म्हणून. बरं वाटायचं ना.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मर्ल आले. या वेळी दार न वाजवता. बायकोने केलेल्या जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, कोलाचींचा, डबा होता हातात. टेबलावरचा कागद उचलून म्हणाले, "बघू, हल्ली काय विचारतात पोराटोरांना."

लाइलने घड्याळ लावलं. मर्लनी चष्मा वर सरकवला, चार मिनिटांत आकडेमोड केली. अक्षर छापल्यासारखं. "छत्तीस," ते म्हणाले.

लाइल आणि रोझानने एकमेकांकडे पाहिलं.

"काय? छत्तीसच. तीस निघतो, पण तीस कोण शहाणा घालेल? धाटं अडकतील."

रोझानला हसू आवरेना. ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं, आणि लाइलही पाठ सांभाळत हसायला लागला. मर्लना सगळं सांगितल्यावर तेही हसले, पण लवकर थांबले. "म्हणजे मी आज बसलो तर नापास."

"नक्की नापास," रोझान म्हणाली.

"मग एकतीस वर्षं मी शिक्के मारले ते काय होतं?"

"ते बरोबरच होतं, मर्ल. पेपरही चुकीचा नाही. त्यांना एवढंच बघायचंय की पुस्तकातलं गणित येतं का. कुठलाही ओढा न पाहिलेल्या पोराला आणि मला एकाच मापाने मोजायचं, तर असाच प्रश्न काढावा लागेल. धाटं त्याच्यानंतर."

मर्लनी एक कोलाची घेतली, दुमडून तोंडात टाकली. "लबाड झालीस तू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी सीडर रॅपिड्सला परीक्षा झाली. लाइलने गाडी चालवली. तिथे तिच्या बाह्या वर करून पाहिल्या, चष्मा उलटसुलट करून पाहिला, खिसे बाहेर काढायला लावले. मग ती आत गेली आणि लाइल गाडीत थर्मास घेऊन बसला. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली, अर्धं सँडविच खाल्लं, परत गेली. साडेपाचला आली आणि तिने पट्टा लावला.

शहर मागे पडल्यावर लाइलने विचारलं, "कसा गेला?"

"एक मोरी होती."

"मग?"

"पुस्तकातली घातली." मग ती म्हणाली, "जीव नुसता खालीवर झाला रे. बटण दाबताना वाटलं, कुणाची तरी बस अडकणार."

निकाल दीड-दोन आठवड्यांनी, बहुधा बुधवारी, ई-मेलवर. ती कामाला लागली. पुन्हा पहाटे पाचला उठायची गरज नव्हती, तरी दोघं उठत होते.

सोमवारी, परीक्षेला अकरा दिवस झाले असताना, मर्लचा फोन आला. शेजारच्या काउंटीने करारावर सह्या करून कागद पाठवले होते. उद्या मंगळवार, आपल्या काउंटीचं मंडळ सह्या करणार. "वेंडेलशी बोललो मी," मर्ल म्हणाले. वेंडेल क्रोगमन मंडळाचा अध्यक्ष. "तो म्हणतो, दोनदा झालंय तिचं, तिसऱ्यांदाची वाट किती बघायची? माणूस वाईट नाही गं. त्याला जुलैत रस्त्यांवर कोणीतरी हवंय. तू ये उद्या. मी बोलेन तुझ्या बाजूने."

रोझानने फोन ठेवला. "मर्लनी नाही बोलायचं," ती लाइलला म्हणाली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती कोर्टाच्या इमारतीत, तळमजल्यावर मंडळाची बैठक भरते त्या खोलीत, समोरच्या रांगेत बसली. लाइल मागे, दाराजवळ. मंडळाचे तिघं लांब टेबलामागे, मध्ये वेंडेल, त्याच्यापुढे कागद आणि पेन. आधी कुणाच्या तरी कुंपणाचं झालं, मग रस्त्याकडेच्या गवताचं. लाइल बायकोच्या मानेकडे बघत होता. चोवीस वर्षांत तिने या खोलीत शंभरदा तरी आराखडे मांडले होते. पण स्वतःसाठी काही मागायला ती कधी उभी राहिली नव्हती. घरीसुद्धा ती काही मागायची नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"आता अभियंत्याचा करार," वेंडेलने चष्मा लावला. "कुणाला काही म्हणायचंय?"

मर्ल खुर्चीत हलले. रोझान त्यांच्याआधी उठली.

"मला."

"बोल, रोझान. मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझी नोकरी कुठे जात नाहीये."

"माहीत आहे, वेंडेल."

"परीक्षा दिलीस म्हणे. पास होशील, खात्री आहे?"

लाइलला वाटलं, म्हण की हो म्हणून. त्यात काय जातंय?

"नाही," रोझान म्हणाली. "खात्री नाही. आधीच्या दोन वेळा मी का नापास झाले ते या वेळी कळलं, आणि तेवढं मी सुधारलं. निकाल उद्या येईल, फार तर परवा. नापास झाले, तर येणाऱ्या साहेबांना प्रत्येक मोरी मी स्वतः नेऊन दाखवीन, मनात काही न ठेवता. पण तुम्ही आज सही केलीत आणि उद्या मी पास झाले, तर पाच वर्षं त्याचा काही उपयोग नाही."

वेंडेलने पेन खाली ठेवलं नव्हतं. "मग तुला नेमकं काय हवंय?"

"आज सह्या करू नका. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबा. एवढंच मागते."

वेंडेलने शेजारच्या दोघांकडे पाहिलं, त्यांनी माना हलवल्या, आणि त्याने पेनाला टोपण लावून करार बाजूला सरकवला.